मदत थांबली तेव्हा मलावीच्या दवाखान्यात कोण उरलं?

दूरदेशी

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एका आदेशाने परदेशी मदत गोठवली आणि जुलैत ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच गुंडाळली. आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती बहुतेक अमेरिकी राजकारणाच्या अंगाने. ज्यांच्या औषधावर, नोकरीवर, बाळंतपणावर त्याचा घाव बसला त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मी काही वर्षं मलावीत औषधपुरवठ्याच्या कामात होते. त्यामुळे लिहिते ते त्या एकाच देशाबद्दल.

मलावी म्हणजे टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्यामध्ये अडकलेला चिंचोळा देश. समुद्र नाही, पण लांबच लांब सरोवर आहे. लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास, आणि परकीय चलन मुख्यतः तंबाखू विकून येतं. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, आणि ही गोष्ट तिथल्या लोकांनी फार जपली आहे. मात्र मदत गोठण्याआधी आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला अर्ध्याहून जास्त पैसा देशाबाहेरून येत होता.

२००४ च्या सुमाराला तिथली स्थिती भयानक होती. एड्सने कर्ती माणसं जात होती, त्यात परिचारिका आणि शिक्षकही होते. परिचारिकांच्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. डॉक्टर तर लाख लोकांमागे दोनसुद्धा नव्हते. अशा वेळी ब्रिटनच्या विकास खात्याने एक असा निर्णय घेतला की जो मदत देणारे सहसा घेत नाहीत: पगाराला पैसे दिले. इमारतीला किंवा गाड्यांना पैसे द्यायला सगळे तयार असतात, पाटी लावता येते. पगार हा कायमचा खर्च, तो ज्याचा त्याने करावा, असा शिरस्ता होता. इथे मात्र अकरा प्रकारच्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा पगार ५२ टक्क्यांनी वाढवला गेला, प्रशिक्षण संस्थांच्या जागा वाढवल्या, आणि नवी माणसं तयार होईपर्यंत बाहेरून स्वयंसेवक डॉक्टर आणि परिचारिकांना शिकवणाऱ्या शिक्षिका आणल्या. सहा वर्षांत सुमारे साडेनऊ कोटी डॉलर लागले. २००४ मध्ये प्रशिक्षित कर्मचारी ५,४५३ होते, ते २००९ मध्ये ८,३६९ झाले.

त्याच काळात एड्सची औषधं मोफत मिळू लागली. सुरुवातीला काही हजार लोक औषधावर होते, आज नऊ लाखांहून जास्त आहेत. २०११ मध्ये मलावीने जगाच्या आधी एक पाऊल टाकलं. एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, रोग किती बळावला ते पाहायला रक्तातल्या पेशी मोजायच्या भानगडीत न पडता, थेट आयुष्यभराची औषधं सुरू करायची. कारण सरळ होतं: पेशी मोजायची यंत्रं खेड्यात नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हेच धोरण सगळ्यांसाठी घेतलं. हा विचार मलावीच्या आरोग्य खात्यातल्या लोकांचा होता, पैसा बाहेरचा होता. मदत चांगली चालते तेव्हा कामाची वाटणी अशी असते.

आकडे सांगते. २००० च्या पाहणीत हजारातली १८९ बालकं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत होती. २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ६३ वर आला.

आता दुसरी बाजू. राजधानी लिलाँग्वेपासून तासाभरावरच्या एका आरोग्य केंद्रात मी सकाळी साठा मोजायला जायचे. व्हरांड्यात बायका बाकांवर बसलेल्या असतात, प्रत्येकीच्या हातात कपड्यात गुंडाळलेली एक वही. तिला तिथे हेल्थ पासपोर्ट म्हणतात. सगळी नोंद रुग्णाकडेच राहते, दवाखान्यात केसपेपर नसतो. आत बसलेली परिचारिका सरकारी पगारावर. तिच्या शेजारी एचआयव्हीची तपासणी करणारा मुलगा अमेरिकी पैशावर चाललेल्या एका प्रकल्पाचा. औषधं सोडलेल्या रुग्णांना घरी जाऊन परत आणणारी बाई दुसऱ्या प्रकल्पाची. संगणकावर नोंदी भरणारा तिसऱ्याचा. हिवतापाच्या गोळ्या एका गोदामातून येणार, तापाच्या साध्या गोळ्या सरकारच्या मध्यवर्ती भांडारातून येणार, म्हणजे बऱ्याचदा येणारच नाहीत. रुग्णाला यातलं काही दिसत नाही. तिच्या दृष्टीने तो एकच दवाखाना आहे.

आदेश आला आणि त्या खोलीतली तीन माणसं उठून गेली. जीव वाचवणाऱ्या उपचारांना सूट आहे असं काही दिवसांनी जाहीर झालं, गोळ्या कपाटात होत्याही. पण त्या द्यायच्या कुणाला हे शोधणारी, तपासणारी, नोंद ठेवणारी माणसं घरी बसली होती. देशभर अशा हजारो नोकऱ्या गेल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की मदत किती यापेक्षा ती कुठून वाहते हे जास्त महत्त्वाचं आहे. जो पैसा देशाच्या स्वतःच्या व्यवस्थेत, तिच्या पगारपत्रकात मुरला तो मदत आटली तरी काही अंशी टिकला. जो शेजारून वाहिला तो एका पत्राने बंद झाला.

कातळशिल्प

लेख आवडला, माहिती नवीन आहे. पण ताई, एक बाजू निसटली. सरकारच्या तिजोरीतून पैसा वाहू द्या म्हणता, तर २०१३ चं कॅशगेट, सरकारी तिजोरीच्या लुटीचं प्रकरण, विसरून कसं चालेल? अर्थखात्यातल्या अंदाजपत्रक संचालकावर त्यांच्या घराच्या फाटकात गोळीबार झाला, मग एकेक प्रकरण बाहेर आलं. अधिकाऱ्यांच्या गाडीच्या डिकीत नोटांची बंडलं. अशा तिजोरीत ब्रिटनच्या करदात्याने का पैसे टाकावेत?

दुसरं, २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजाला आफ्रिकेतल्या सरकारांनी अंदाजपत्रकातला १५ टक्के वाटा आरोग्याला देऊ असं कबूल केलं होतं. किती जणांनी पाळलं? बाहेरून मिळतंय म्हटल्यावर आपल्या खिशात हात कोण घालतो? माझ्या मते मदतच या रोगाचं एक कारण आहे.

सरळरेष

लेखापरीक्षणात आयुष्य गेलं म्हणून कॅशगेटबद्दल दोन ओळी. चोरी झाली ती संगणकावरच्या सरकारी हिशेब प्रणालीतून. न झालेल्या कामांची बिलं काढायची, धनादेश वटवायचा आणि नंतर प्रणालीतली नोंदच पुसून टाकायची. ब्रिटनने नेमलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी सहा महिन्यांचा काळ तपासला आणि सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर गेल्याचं निघालं. बँकेचा ताळेबंद आणि प्रणालीतली नोंद दर महिन्याला कुणी जुळवून पाहिली असती तर दुसऱ्या महिन्यात पकडलं गेलं असतं. जुळवणी करणारा माणूस नेमायला पैसे लागतात आणि त्या पैशाला देणारा मिळत नाही. औषधाला मिळतो.

दूरदेशी

@कातळशिल्प, कॅशगेट मी टाळलं नाही, त्याचाच पुढचा भाग सांगायचा होता. चोरी झाली, मोठी झाली, लोक तुरुंगात गेले. देणाऱ्या देशांनी सरकारच्या खात्यात थेट पैसे टाकणं थांबवलं. त्यांचंही बरोबर होतं. पण पुढे काय झालं? पैसा देशात येतच राहिला, फक्त सरकारला वळसा घालून. शेकडो संस्था, प्रत्येकीचं कार्यालय, प्रत्येकीची गाडी, प्रत्येकीचा वेगळा तिमाही अहवाल. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा अर्धा आठवडा पाहुण्यांच्या बैठकांत जायचा. सरकारी परिचारिकेपेक्षा प्रकल्पातल्या परिचारिकेला जास्त पगार, मग हुशार माणसं तिकडे जाणार हे ओघानेच आलं. वरच्या पोस्टमधली ती तीन माणसं कॅशगेटनंतरच्या याच व्यवस्थेची.

मधला मार्ग निघाला होता. २०१५ नंतर नॉर्वे आणि जर्मनीने, पुढे ब्रिटनने आरोग्यासाठी एक सामायिक निधी केला. योजना सरकारची, हिशेबावर बाहेरच्या लेखापालांची नजर. सरळरेष म्हणतात तोच माणूस तिथे बसवला होता. तो निधी लहान राहिला याची मला खंत आहे, कारण मी पाहिलेल्यात सगळ्यात सुज्ञ व्यवस्था तीच होती.

आणि मदत दर वेळी चोरीमुळेच थांबते असंही नाही. एप्रिल २०११ मध्ये ब्रिटिश उच्चायुक्तांची एक गोपनीय तार फुटली. अध्यक्ष बिंगु वा मुथारिका अधिकाधिक एकाधिकारशहा होत चालले आहेत आणि त्यांना टीका सहन होत नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. मलावीने त्यांना देशाबाहेर काढलं, ब्रिटनने मलावीच्या प्रतिनिधीला परत पाठवलं, जुलैत सरकारी खात्यातली मदत थांबली. पुढच्या वर्षी मुथारिका वारले, जॉईस बांडा अध्यक्ष झाल्या आणि मेमध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, ४९ टक्के अवमूल्यन झालं. औषधं डॉलरमध्ये घ्यावी लागतात. त्या हिशेबाचं ओझं शेवटी कुठे जातं ते सांगायला नको.

माहेरची_सई

लेस्टरला रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या वॉर्डात मलावीची एक सिस्टर आहे, तिथल्या सरकारी पैशावर शिकलेली. तिने सांगितलं की लिलाँग्वेत रात्रपाळीला एकटीवर साठ-सत्तर रुग्ण असायचे. वॉर्डात रुग्णाची काळजी घेतात ते नातेवाईक, त्यांना गार्डियन म्हणतात. ते आवारात चूल मांडून न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, शिजवतात, रुग्णाला पुसतात, उठवतात. सलाईन संपलं की सिस्टरला शोधायला तेच धावतात.

ब्रिटनने मलावीचं नाव लाल यादीत ठेवलंय, म्हणजे इथल्या रुग्णालयांनी तिथे जाऊन भरती करायची नाही. स्वतःहून अर्ज करून कुणी आलं तर आडकाठी नाही. येणारीला मी दोष देणार नाही, मीही सांगलीहून तशीच आले. पण तिथल्या प्रशिक्षणाला ज्या ब्रिटनने पैसे दिले तोच देश आता मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणणार आहे, पैसे संरक्षणाकडे वळवणार आहे. आमच्या सिस्टरने ही बातमी डबा खाताना वाचली आणि डबा बंद करून उठली. तिची धाकटी बहीण अजून तिकडेच, सरकारी नोकरीत आहे.

पॅकिंगवाला

दूरदेशी ताई, या कामाला आमच्या औषध कारखान्यांतल्या लोकांचाही हात लागलाय म्हणून लिहितो. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ असं जाहीर केलं. तोवर तेच उपचार दहा हजार डॉलरच्या वर होते. डॉ. युसूफ हमीद यांचं ते पाऊल. नंतर तिन्ही औषधं एकाच गोळीत आली. मलावीने २००४ मध्ये मोफत उपचार सुरू केले तेव्हा अशाच एकत्र गोळीवर केले, सकाळी एक, रात्री एक.

मी दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. आफ्रिकेच्या निविदांच्या मालावर आमच्याकडे सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून काम चालतं. माल पोचताना मुदतीतला ठरलेला हिस्सा शिल्लक पाहिजे, नाहीतर माल परत. न्हावा शेवाहून कंटेनर निघाला की बैरा किंवा दार-ए-सलाम, तिथून ट्रकने पुढे. बंदरात एक महिना अडकला तर तो महिना रुग्णाच्या वाट्यातून जातो.

गोदातीर

पुण्याहून गेलेल्या कोविडच्या लशी मलावीत जाळल्या होत्या ना? तेव्हा फार राग आला होता. आपल्याकडे लोक रांगेत उभे आणि तिकडे लशी भट्टीत.

दूरदेशी

@गोदातीर, राग येणं साहजिक आहे, पण तारखा बघा. आफ्रिकी संघामार्फत मलावीला मिळालेल्या १,०२,००० मात्रा २६ मार्च २०२१ ला लिलाँग्वेत उतरल्या. त्यांची मुदत १३ एप्रिलला संपत होती. हातात अडीच आठवडे. एवढ्यात शीतपेट्या जिल्ह्यांत पोचवायच्या, लोकांना बोलवायचं, मनातली भीती काढायची. तरी त्यांनी बहुतेक मात्रा वापरल्या. १९,६१० उरल्या. त्या मे महिन्यात कामुझू सेंट्रल रुग्णालयात मंत्र्यांच्या समोर, सगळ्यांना दिसतील अशा जाळल्या, कारण मुदत संपलेली लस टोचतात अशी अफवा पसरली असती तर उरलेलं लसीकरणही बसलं असतं. मला तो निर्णय धाडसाचा वाटतो. मुदत संपत आलेला माल पाठवून दानशूर म्हणवून घेणं ही खोड मात्र जुनी आहे, कोविडच्या आधीपासूनची.

शिशिरसखा

नवजात शिशूंचा डॉक्टर आहे, नाशिक. दान आलेल्या यंत्रांबद्दल भर घालतो. गरीब देशांतल्या रुग्णालयांत सुमारे ४० टक्के उपकरणं बंद पडलेली असतात असं पाहण्यांत दिसलं आहे. वीज खालीवर होते, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारा नसतो.

याला अपवाद मलावीतल्या ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात घडला. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मिळून श्वासाला आधार देणारं बबल सीपॅप यंत्र बनवलं. मत्स्यालयात हवा सोडतात तसले साधे पंप वापरून. श्वास लागलेल्या बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के वाचत होती, या यंत्रावर ७१ टक्के. नंतर ते सरकारी रुग्णालयांत देशभर गेलं. चाललं का? ज्या सिस्टरला ते रात्री तीन वाजता लावायचं होतं तिला आधी विचारलं होतं म्हणून. माझ्या स्वतःच्या विभागातल्या महागड्या यंत्रांबद्दल हे म्हणता येत नाही.

अनघा_शहादा

मी नंदुरबार जिल्ह्यात आशाताईंसोबत काम करते. मलावीत गावपातळीवर कोण असतं? त्यांना मानधन की पगार? इथे आमच्या आशाताई मोबदल्याच्या हिशेबासाठी दर काही महिन्यांनी मोर्चा काढतात, म्हणून मुद्दाम विचारते.

दूरदेशी

@अनघा, फार चांगला प्रश्न. त्यांना एचएसए म्हणतात, आरोग्य निरीक्षण सहायक. साधारण हजार लोकांमागे एक असं धोरण आहे, बाई किंवा पुरुष कुणीही. आणि ते सरकारी कर्मचारी आहेत, महिन्याचा पगार मिळतो. एड्स, क्षयरोग आणि हिवतापासाठीच्या जागतिक निधीच्या पैशातून त्यांची संख्या झपाट्याने वाढवली गेली आणि पुढे त्यांना सरकारच्या पगारपत्रकात घेतलं. सुरुवातीचं प्रशिक्षण काही आठवड्यांचं. सायकल, लशीची पेटी आणि कुलूपबंद औषधाची पेटी. त्या पेटीत अमॉक्सिसिलीन, हिवतापाच्या गोळ्या, ओआरएस, झिंक. खेड्यातल्या बाळाला धाप लागली तर श्वास मोजून तिथेच औषध सुरू करतात. २००८ पासून दुर्गम गावांत ही ग्राम-दवाखान्याची पद्धत आहे.

सगळं छान आहे असं नाही. पगार तुटपुंजा, आणि पुष्कळ जण नेमलेल्या गावात राहतच नाहीत. पेटी महिनोन्महिने रिकामी असते, आणि रिकाम्या पेटीचा माणूस गावात मान गमावतो.

२०२२-२३ ची कॉलऱ्याची साथ आठवते? मलावीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, १,७०० हून जास्त मृत्यू. भरीस भर मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेकडची गावंच्या गावं चिखलात गाडली. तेव्हा वाहून गेलेल्या पुलांपलीकडे क्लोरीन आणि ओआरएस पोचवणारे हेच लोक होते. पगारपत्रकावर होते म्हणून होते. हंगामी प्रकल्पाचे असते तर त्या महिन्यात ते असतेच याची खात्री कुणी दिली असती?

अनघा_शहादा

हे उत्तर आमच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. धन्यवाद ताई. पगारपत्रकावर घ्या, हीच आमच्या बायकांची मागणी आहे.

कातळशिल्प

वाचतोय, बरंच कळलं. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. कधीतरी हा पैसा बंद होणारच, आणि व्हायलाही हवा. स्वतंत्र होऊन साठ वर्षं झालेल्या देशाने दुसऱ्यांच्या निवडणुकांवर आपल्या रुग्णांचं आयुष्य टांगून ठेवू नये. मग तुमच्या मते थांबवायचं कसं?

दूरदेशी

याबाबतीत आपलं एकमत आहे, फक्त वेगाबद्दल नाही. सरकारचा वाटा वाढला पाहिजे. २०२३ ते २०३० साठीच्या त्यांच्या आरोग्य योजनेचं सूत्रच एक योजना, एक अंदाजपत्रक, एक अहवाल असं आहे, म्हणजे शेजारून वाहणारे सगळे ओघ एका पात्रात आणायचे. हे काम सुरू असतानाच आदेश आला.

तुम्ही कसं विचारलंत म्हणून माझ्या कामातलंच सांगते. एड्सच्या गोळ्यांची मागणी नोंदवली की कच्चा माल, उत्पादन, तपासणी, जहाज, बंदर, ट्रक, गोदाम आणि शेवटी दवाखाना, असं सगळं धरून सहा महिने ते वर्ष जातं. पॅकिंगवाला दादा याला दुजोरा देतील. अमेरिकेच्या आदेशात फेरविचारासाठी ९० दिवस होते. ९० दिवसांत एक जहाजसुद्धा नव्याने भरता येत नाही. पगाराचंही तेच, सरकारचं अंदाजपत्रक वर्षातून एकदाच होतं, त्यात पाच हजार माणसं मधेच घुसवता येत नाहीत. म्हणून निदान तीन अंदाजपत्रकं आधी सांगा, दर वर्षी किती टक्के कमी करणार ते लिहून द्या, आणि कमी करताना गोळ्यांच्या आधी गाड्या आणि बैठका कमी करा.

पॅकिंगवाला

दुजोरा. २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्याकडे छापून तयार असलेली खोकी दोन महिने नुसती पडून होती. निविदा रद्द नाही, मंजूरही नाही. सुपरवायझर रोज विचारायचे, आणि कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.